पैसे अडकले? नव्या फोनची खरेदी आठवडाभर थांबू द्या

समजा, साताऱ्यातले एक वडील सांगलीत शिकणाऱ्या मुलीसाठी मोबाईल घेत आहेत. क्यूआर कोड स्कॅन केला, खात्यातून पैसे कापल्याचा मेसेज आला. दुकानात मात्र पैसे जमा झाल्याचा आवाज आलाच नाही. मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं. दुकानदार म्हणतो, "काका, परत एकदा करून बघा." काकांच्या छातीत धडधड सुरू होते.

अंगावर धावून आलेलं कुत्रं आणि खात्यातून गायब झालेले पैसे, या दोन्ही भीतींना शरीर जवळपास सारखंच उत्तर देतं. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनलिन सोडतात. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, तळहाताला घाम सुटतो. पळून जायला ही तयारी उत्तम. पण तोलूनमापून विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग अशा ताणात नीट काम करत नाही. मग माणूस पुन्हा पैसे पाठवतो, इंटरनेटवर दिसेल त्या 'कस्टमर केअर'ला फोन लावतो आणि भामट्याच्या हाती सापडतो.

ओपीडीत रक्तदाब मोजण्यापूर्वी रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवावं लागतं. जिना चढून धापा टाकत आलेल्या माणसाचा आकडा धरून गोळी वाढवायची नसते. खरेदीलाही हेच पथ्य लावावं. दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. बाहेर येऊन बसा, पाणी प्या, श्वास सावकाश सोडा. फोन आठवडाभराने घेतला तरी काही अडत नाही.

आठवडाच का? दुकानदाराला यूपीआयने दिलेले पैसे कापले गेले, पण त्याला पावती मिळाली नाही, तर ते पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. उशीर झाल्यास बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. व्यवहार क्रमांक लिहून ठेवा आणि त्याच अ‍ॅपमधून किंवा आपल्या बँकेत तक्रार नोंदवा. ३० दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पैसे परत मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. तो मागणारा माणूस चोर समजावा. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० ला फोन करा. दोष दर वेळी आपलाच असतो असंही नाही: २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ रोजी देशभरात यूपीआय अडखळलं होतं.

रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी या दिवसांत जास्त जपावं. मध्यरात्री उठून बॅलन्स बघत बसू नये. झोपमोडीने रक्तदाब आणि साखर दोन्ही बिघडतात. काळजीच्या नादात रोजची गोळी चुकवू नये. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप असं काही झालं, तर 'टेन्शनमुळे असेल' म्हणत घरी थांबू नका. १०८ ला फोन करा.

या आठवड्यात जुन्या फोनकडेही एकदा नीट बघा. लिथियम-आयन बॅटरी वापराने थकतेच. चार्जिंग टिकत नाही एवढीच तक्रार असेल, तर बॅटरी बदलून काम भागतं. सुरक्षेचे अपडेट येणं बंद झालं असेल, तर मात्र नवा फोन घेणं शहाणपणाचं. त्याच फोनवर आपली बँक असते. फक्त आधीचे पैसे परत आल्यावर, घाई नसलेल्या दिवशी दुकानात जा.