डोळा ठणकतोय, थेंब कोणते?

सुकापुरात माथेरान रोडवरच्या एखाद्या मेडिकलसमोर जरा वेळ उभे राहा. ‘डोळ्यात घालायचं काहीतरी द्या’ हे कानावर येतंच. हे ‘काहीतरी’च महागात पडतं.

सूज-वेदनेवरचे थेंब मुख्यतः दोन जातींचे. केटोरोलॅक, नेपाफेनॅक ही स्टेरॉइड नसलेली. इजा झाली की डोळ्यात प्रोस्टाग्लँडिन तयार होतात, त्यातून लाली आणि ठणका. हे थेंब ती निर्मितीच रोखतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर हे हमखास देतात. दुसरी जात प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन यांसारख्या स्टेरॉइडची. आराम झटपट, म्हणूनच मोह जास्त. पण नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिसच्या विषाणूने बुबुळाला जखम झाली असेल तर ती चिघळते; महिनोन्‌महिने वापरल्यास काचबिंदू, मोतीबिंदूही होऊ शकतो. 2023च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली, तेव्हा शेजाऱ्याची उरलेली बाटली फिरवणारे कमी नव्हते!

प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेटची बाटली आधी हलवायची, औषध तळाशी बसतं. एकच थेंब पुरे, मग नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा. नजर धूसर झाली किंवा उजेड सोसवेना, तर मेडिकल नव्हे, नेत्रतज्ज्ञ गाठायचा, तोही त्याच दिवशी.