२५० मीटरचे वर्तुळ

६जीच्या बातम्यांना सध्या तोटा नाही. मार्च २०२३ मध्ये ‘भारत ६जी व्हिजन’ जाहीर झाल्यापासून अमुक पट वेग, तमुक पट कमी विलंब असे आकडे मथळ्यांत येतच असतात. ज्या जाळ्याचे मानकच अजून पक्के व्हायचे आहे, त्याचे आकडे येतात कुठून? बरेचसे सिम्युलेटरमधून, म्हणजे संगणकाच्या आत मांडलेल्या लुटुपुटुच्या नेटवर्कमधून. त्यात वावगे काही नाही. शेकडो टॉवर आणि हजारो मोबाइल रस्त्यावर मांडून प्रयोग करणे कोणत्या प्रयोगशाळेला परवडणार? खटकते ते वेगळेच. हे सॉफ्टवेअर संगणकावर बसवताना जेवढा घाम गाळला जातो, त्याच्या दशांश विचारही त्यातली सेटिंग्ज ठरवताना होत नाही. आणि निकालाचे भवितव्य तर तिथेच ठरते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एनएस-२ या सिम्युलेटरची चव माहीत असते. त्याची २.३५ ही आवृत्ती २०११ ची. नव्या उबुंटूवर चढवली की कंपायलर एका जुन्या हेडर फाइलवर अडून बसतो. मग इंटरनेटवर कुणीतरी सांगितलेली एका शब्दाची दुरुस्ती करायची, कंपायलरची जुनी आवृत्ती शोधायची, पाथ लिहायचे. अखेर पडद्यावर ठिपके हलले की जर्नलमध्ये सही मिळते आणि प्रयोग संपला असे सर्वांनाच वाटते. त्याच्या पुढच्या पिढीच्या एनएस-३ ची पहिली आवृत्ती २००८ मध्ये आली, २०२२ मध्ये ते सीमेक या बांधणीच्या साधनावर गेले; आता कॉन्फिगर, बिल्ड आणि चाचणी अशा मोजक्या आज्ञांत ते उभे राहते. तयार डॉकर इमेज घेतली तर तेवढेही कष्ट नाहीत. सोय झाली हे खरेच, पण या सोयीबरोबर मूळ मूल्येही, म्हणजे आधीच भरून ठेवलेली सेटिंग्ज, न विचारता घरात येतात.

एनएस-२ मधला बिनतारी नोड, म्हणजे जाळ्यातले एक यंत्र, घ्या. काहीही न बदलता वापरला तर त्याचा संदेश २५० मीटरपर्यंत पोचतो आणि चाहूल ५५० मीटरपर्यंत लागते. हे आकडे ल्यूसेंट कंपनीच्या ९१४ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या एका जुन्या रेडिओ कार्डावरून आलेले. जग वायफायच्या कितीतरी पिढ्या पुढे गेले, तरी शोधनिबंधांत २५० मीटरचे नेटके वर्तुळ कायम. प्रत्यक्षात असे वर्तुळ नसतेच. २००४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी तिसाहून अधिक लॅपटॉप मोकळ्या मैदानात फिरवून मोजले, तेव्हा रेडिओचा पल्ला गोल असतो, ‘अ’ला ‘ब’ ऐकू येतो म्हणजे ‘ब’लाही ‘अ’ ऐकू येतो, ही गृहीतके ढासळली. याहून मासलेवाईक प्रकरण नोडच्या हालचालीचे. रँडम वेपॉइंट या लोकप्रिय प्रारूपात प्रत्येक नोड मनाला येईल ते ठिकाण आणि शून्य ते कमाल यांतला कोणताही वेग निवडून निघतो. कमाल वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे सरासरी १० असणार, असे कुणीही म्हणेल. पण ज्या नोडला सेकंदाला एक सेंटिमीटर हा वेग मिळाला, त्याला ५०० मीटर जायला जवळपास चौदा तास लागतात. वेगवान नोड झटपट पोचून नवा वेग घेतात, मंद मात्र वाटेतच अडकतात. वेळ जाईल तशी मंदांची गर्दी वाढते आणि सरासरी घसरतच राहते. मिशिगन विद्यापीठातील यून, लिऊ आणि नोबल यांनी २००३ मध्ये हे दाखवून दिले. तोवर ज्यांनी ९०० सेकंदांचा प्रयोग करून ‘वेगवान नोडसाठी आमची पद्धत सरस’ असे लिहिले, त्यांचे नोड वेगवान होते तरी किती? एनएस-३ मध्ये याच प्रारूपाचा मूळ वेग ०.३ ते ०.७ मीटर प्रतिसेकंद आहे. शून्याचा घोटाळा गेला. पण त्यावर कुणी धावत्या वाहनांचे नेटवर्क मांडले आणि वेग बदलायचे विसरला, तर त्याच्या गाड्या रमतगमत चालतील.

मूळ मूल्ये तज्ज्ञांनीच ठेवली आहेत, मग शंका कशाला, असे कुणी म्हणेल. तज्ज्ञांनी ती कार्यक्रम चालावा म्हणून ठेवली. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मिळावे म्हणून ठेवणे त्यांना शक्यच नव्हते. दुसरा आक्षेप असा की प्रयोग पुन्हा चालवला तरी तोच आकडा येतो, म्हणजे निकाल भक्कम. एनएस-३ मध्ये यादृच्छिक आकडे ज्यावरून निघतात तो सीड आणि रन क्रमांक दोन्ही मुळात १ असतात. ते न बदलता शंभरदा चालवा, शंभरदा तेच येणार. ती एकाच नाण्याची एकच उडी झाली. तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ही विद्यार्थ्यांची कसरत, तिला संशोधनाचे माप कशाला? पण सवयी इथूनच पुढे जातात. कुर्कोव्स्की, कॅम्प आणि कोलाग्रोसो यांनी मोबिहॉक परिषदेतले २००० ते २००५ मधले १५१ निबंध तपासले. त्यांपैकी ११४ सिम्युलेशनवर उभे होते, आणि दुसऱ्याला तसेच्या तसे करून पाहता येतील असे १५ टक्क्यांहूनही कमी. ही विद्यार्थ्यांची जर्नले नव्हती, क्षेत्रातल्या नावाजलेल्या परिषदेतले निबंध होते.

यावर उपाय आहे, आणि तो महागडाही नाही. एनएस-३ मध्ये कॉन्फिगस्टोअर नावाची सोय आहे. चालवलेल्या प्रयोगात लागू असलेली मूल्ये ती एका फाइलमध्ये उतरवून देते. इन्स्टॉलेशनच्या स्क्रीनशॉटऐवजी ही फाइल जर्नलला जोडायला सांगावी. ती लांबलचक असते, वाचायला कंटाळवाणीही. तोंडी परीक्षेत तिच्यातल्या कोणत्याही ओळीवर बोट ठेवून ‘हाच आकडा का?’ एवढे विचारले तरी पुरे. आणि ६जीचा पुढचा विक्रमी आकडा छापण्याआधी बातमीदारानेही हीच फाइल मागायला हरकत नाही.