पेजेचा घोट

मांडवीतल्या घरात दिवेलागण झाली आहे, बाहेर पाऊस कोसळतोय. काकी काकांच्या पाठीशी उशा रचून त्यांना ताठ बसवते. वाटीत मिक्सरमधून काढलेली, गाळलेली पेज.

"अहो, घाई नको. एक चमचा, मग थांबायचं."

काका गिळतात. आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडे बघत राहतो. खोकला येत नाही. काकी दुसरा चमचा भरते.

परळच्या टाटा रुग्णालयात जाण्याआधी साध्या पाण्याच्या घोटानेही काका गुदमरत. अन्ननलिका आणि श्वासनलिका एकमेकींना चिकटूनच असतात. काकांची कर्करोगाची गाठ अन्ननलिकेतून श्वासनलिकेत शिरली, मध्ये भोक पडलं. खाल्लेलं फुप्फुसात उतरू लागलं, त्यातून न्यूमोनिया झाला. एवढ्या पुढे गेलेली गाठ शस्त्रक्रियेने काढता येत नाही. म्हणून दुर्बिणीच्या मदतीने अन्ननलिकेत स्टेंट बसवला: आवरण घातलेली धातूची जाळीदार नळी, आत गेली की आपसूक फुलते आणि भोक झाकते. गाठ मात्र तशीच आहे. रेडिएशनचं अजून ठरलेलं नाही. गाठ विरघळताना भोक वाढण्याचीही भीती असते.

शेजारचे दादा डोकावतात. "डॉक्टरांनी हात टेकले म्हणे?" दारातूनच विचारतात, तेही काकांना ऐकू जाईल असं. मला राग येतो. माणूस पेज पितोय, न्यूमोनिया आटोक्यात आहे, वेदनेसाठी मॉर्फिनच्या गोळ्या चालू आहेत. हे उपचार नाहीत तर काय?

स्वयंपाकघरातून सुरमई तळल्याचा वास येतो. काका बसक्या आवाजात विचारतात, "तुकडी?"

"नाही." माशाचा काटा किंवा भाकरीचा कोरडा तुकडा स्टेंटमध्ये अडकू शकतो.

"सार?"

काकी सुनेकडे बघते. सून मान डोलावते. "गाळून. पण नंतर लगेच आडवं व्हायचं नाही, बाबा."

काका मनापासून हसतात.

सुरुवातीला काकांचा घास अडकायचा, तेव्हा महिनोन् महिने ॲसिडिटीच्या गोळ्यांवर भागवलं. तंबाखू चालूच होती. तुमच्या घरात कुणाचा घास अडकत असेल, भाकरी सोडून कुणी पातळावर आलं असेल, तर थांबू नका, एंडोस्कोपी करून घ्या. आणि पाणी पिताना दरवेळी ठसका लागत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कर्करोगावर उपचार करणारं डेरवणचं वालावलकर रुग्णालय आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात आहे.