पिल्लाचे दात आणि आपला हात

मळ्यातल्या वस्तीवर राखणीला कुत्रं हवंच. पण पिल्लू आणलं की घरोघरी एकच तक्रार, "लई चावतंय!"

हे चावणं रागाचं नव्हे. पिल्लू जग तोंडानंच चाचपतं. त्यात चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडून पक्के येऊ लागतात, हिरड्या शिवशिवतात. भावंडांत खेळताना जोरात चावलं की दुसरं केकाटतं, खेळ मोडतो. त्यातूनच ते जबडा आवरायला शिकतं. आपण मात्र डोळे उघडले की उचलून आणतो. 8 आठवडे तरी आईपाशी राहू द्यावं.

दात लागला की हात झटकू नये, त्याला तो खेळच वाटतो. हात सैल सोडून गप्प पाठ फिरवावी. चघळायला जाड सुती कापडाची गाठ द्यावी. जुनी चप्पल नको. जुनी-नवी त्याला काय कळते? मारलं तर कुत्रं हाताला भिऊन खरंच चावतं. शिवाय आजोबांनी धोतराचा सोगा ओढू द्यायचा अन् सूनबाईंनी रागवायचं, असं चालत नाही.

मात्र कातडी फुटली, नुसता ओरखडा उठला, तरी जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना, तिखट भरत बसू नये. पिसाळरोग पिल्लालाही होतो, आणि माणसात लक्षणं दिसल्यावर इलाज उरत नाही. पिल्लू 3 महिन्यांचं झालं की गुरांच्या दवाखान्यात रेबीजची लस टोचून घ्यावी. पुढची तारीख डॉक्टरांना विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.