घंटा न वाजणारी दोन वर्षे

बी. ए. होईपर्यंत विद्यार्थ्याचा वेळ कॉलेजची घंटा सांभाळत असते. अमुक वाजता अर्थशास्त्र, तमुक वाजता इंग्रजी, मधल्या सुट्टीत चहा, आणि हजेरी कमी पडली की सूचनाफलकावर नाव. विद्यार्थी या घंटेला कंटाळलेला असतो. परंतु ती आपला केवढा भार वाहते आहे, हे त्याच्या ध्यानी येत नाही. एम. ए.ला नाव घातल्यावर ते ध्यानी येते. दिवसाकाठी दोनतीन तास, बाकी सगळा वेळ ज्याचा त्याचा. आपल्याला वाटते, आता भरपूर वाचन होईल! आणि पाहता पाहता दिवाळी येते, सत्र संपते, आणि कपाटातून आणलेली पुस्तके खुणेच्या कागदासकट जशीच्या तशी परत जातात.

हे मी विद्यार्थ्यांना नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. माझ्या नावापुढे आज फक्त एम. ए. आहे, त्यामागेही हीच कथा आहे. पीएच. डी.साठी मी रीतसर नोंदणी केली होती, विषय मंजूर झाला होता, टिपणांच्या चार वह्याही भरल्या होत्या. पण प्रबंधाला तारीख नव्हती. मार्गदर्शक भेटले की विचारत, "कुठवर आले?" मी म्हणे, "चालू आहे." असे चालू चालू म्हणता मुदत संपली. कोणी अडवले नाही, कोणी आजारी पडले नाही. सांगण्याजोगे एकही कारण माझ्याजवळ नाही. तेव्हा आज जे सांगणार आहे ते वाट चुकलेल्याने सांगितलेले आहे, असे समजून आपण वाचावे.

वेळ कसा वापरावा यावर पुस्तके पुष्कळ आहेत. मला मात्र एका विद्यार्थ्याचे उदाहरण पुस्तकांहून अधिक उपयोगी वाटते. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. बाबासाहेबांना आपण घटनाकार म्हणून ओळखतो, चळवळीचे नेते म्हणून ओळखतो. पण १९१३ ते १९२३ या दहा वर्षांतले 'पदव्युत्तर विद्यार्थी आंबेडकर' आपण फारसे नीट पाहिलेले नाहीत. पदव्यांची यादी तोंडपाठ असते, त्या पदव्यांच्या मधले दिवस नसतात.

१९१३ च्या जुलै महिन्यात ते न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. वडील त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. घरी पत्नी आणि लहान मूल. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेली शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. म्हणजे पाहा, इथे घंटा नव्हती, पण कुंपण होते. तीन वर्षे म्हणजे तीन वर्षे. या कुंपणात त्यांनी कोलंबिया विद्यापीठात काय केले? अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषांचा प्राथमिक अभ्यास. बेरीज साठ होते. १९१५ साली एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला, तो पुढच्या वर्षी 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. पीएच. डी.च्या प्रबंधाचे कामही चालूच होते.

साठ हा आकडा ऐकून आपण म्हणाल, हे असामान्य बुद्धीचे काम, आमच्यासारख्याने त्यातून काय घ्यावे? बुद्धीचे बाजूला ठेवू. या यादीत एक साधी गोष्ट दिसते. त्यातले निम्मे अभ्यासक्रम एकाच विषयाचे आहेत. बाकीचे आजूबाजूचे. हा मनुष्य चोहीकडे धावलेला नाही. एक खांब रोवून त्याच्याभोवती फिरला आहे. आमचा विद्यार्थी पहिल्या सत्रात स्पर्धा परीक्षेचा वर्ग लावतो, दुसऱ्यात संगणकाचा, तिसऱ्यात बी. एड.ची चौकशी करतो, आणि चौथ्यात म्हणतो, "सर, वेळच पुरला नाही." वेळ पुरत नाही तो बहुतेक वेळा खांब नसतो म्हणून.

१९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही. शिष्यवृत्ती १९१७ च्या उन्हाळ्यात संपली. अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. येताना बोटीने पाठवलेली पुस्तके महायुद्धात बोटीबरोबर बुडाली. आपल्यापैकी कोणीही इथे 'नशिबात नव्हते' म्हणून मोकळा झाला असता. त्यांनी निघण्यापूर्वी विद्यापीठाकडून एक गोष्ट लिहून घेतली: १९१७ च्या ऑक्टोबरपासून चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी. पदव्युत्तर अभ्यासाच्या व्यवस्थेचे मर्म मला या एका कागदात दिसते. काम थांबणार हे नक्की झाले, तर त्याला उघडे सोडायचे नाही. पुन्हा उचलण्याची तारीख बांधून मगच खाली ठेवायचे. माझ्या चार वह्या मी नुसत्याच खाली ठेवल्या. असो.

मधल्या तीन वर्षांत बडोद्याची नोकरी आणि तिथे घर मिळू न देणारी माणसे, मग मुंबईत किरकोळ कामे, आणि १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनेहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापकपद. पगारातून लंडनसाठी पैसा बाजूला टाकणे चालू होते. आणि याच काळात, विद्यार्थीपण संपलेले नसताना, पुढारीपण सुरू झाले. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष, ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक', २१ व २२ मार्चला कागल जहागिरीतल्या माणगावची परिषद, मे अखेरीस नागपूरची. दोन्ही परिषदांना राजर्षी शाहू महाराज होते. 'मूकनायक'लाही त्यांचीच अडीच हजार रुपयांची मदत झाली होती. आणि जुलैमध्ये, लोक नुकते कुठे भोवती जमू लागलेले असताना, हा तरुण पुन्हा बोटीत बसून लंडनला निघून गेला!

मला हा निर्णय फार विचार करण्याजोगा वाटतो. वर्गात मी तो विद्यार्थ्यांपुढे मांडतो तेव्हा दोन तट पडतात. काही म्हणतात, चळवळ सोडून जायला नको होते. काही म्हणतात, चार वर्षांची मुदत टळली असती. दोन्ही खरे आहे. किंमतही पडली. संपादनाचे काम इतरांवर सोपवलेले होते. ते परदेशी असताना 'मूकनायक' डळमळू लागले आणि १९२३ साली बंद पडले. पुढारीपण म्हणजे भाषण, अशी आपली एक समजूत आहे. सभेत टाळ्या पडल्या की झाला पुढारी. परंतु आपण समोर नसताना काम चालते का, ही त्याची परीक्षा असते, आणि बाबासाहेबांच्या पहिल्या पत्राच्या बाबतीत ती उतरली नाही. हे सांगण्यात त्यांचा उणेपणा होतो असे मला वाटत नाही. कारण परत आल्यावर १९२४ च्या जुलैमध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली तेव्हा तिचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते, स्वतः ते व्यवस्थापक मंडळाचे प्रमुख होते. मंडळ, पदाधिकारी, कामांची वाटणी. एका माणसाच्या खांद्यावरून काम खाली उतरवून संस्थेच्या खांद्यावर दिलेले होते. १९२० आणि १९२४ यांतला फरक म्हणजेच नेतृत्वातली वाढ.

लंडनचे दिवस तर सर्वांना ऐकून ठाऊक असतात. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताना आत जायचे आणि बंद होताना बाहेर पडायचे. जेवण जेमतेम, रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड. खोलीतला सोबती झोपा म्हणे, हे वाचत बसत. १९२१ साली एम. एस्सी. झाली. नंतर 'रुपयाचा प्रश्न' हा प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर केला, तर परीक्षकांनी मार्च १९२३ मध्ये तो पुन्हा लिहायला सांगितला. पैसे संपले होते. ते मुंबईला परतले, इथे बसून प्रबंध दुरुस्त केला, ऑगस्टमध्ये पाठवला, आणि नोव्हेंबरमध्ये डी. एस्सी. मिळाली. त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांनी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली आणि तीत आपले काही मतभेदही नोंदवले. गुरूचा मतभेद प्रस्तावनेतच छापणारा शिष्य! आमच्याकडे मार्गदर्शकांचे मत आणि विद्यार्थ्याचे मत यांत बोट शिरत नाही.

एवढे सांगून एक गोष्ट राहिली तर ती अर्धवट हकीकत होईल. हा वेळ फुकट मिळालेला नव्हता. परळच्या चाळीत रमाबाई तुटपुंज्या पैशांत घर ओढत होत्या, मुलांची आजारपणे काढत होत्या, आणि त्यांतली काही मुले त्यांनी गमावली. ग्रंथालयातले ते आठदहा तास त्यांच्याही आयुष्यातले होते. शिकणाऱ्याचा वेळ पुष्कळदा घरातले दुसरे कोणी तरी मोजून देत असते: आईने सोडलेली विश्रांती, धाकट्या भावाने धरलेली नोकरी. आपला वेळ कुठे जातो हे पाहण्याआधी तो कुठून येतो हे एकदा पाहावे.

आता आपल्याकडे येऊ. माझ्या हाताखालून गेलेली एक विद्यार्थिनी सकाळच्या सातच्या एस. टी.ने यायची आणि साडेपाचच्या गाडीने परत जायची. घरी गेल्यावर स्वयंपाकाला हातभार. तिची तक्रार तीच, वेळ नाही. मी म्हटले, "आठवडाभर वहीच्या मागच्या पानावर जमाखर्च लिही. किती वाजता काय केले, एवढेच. खोटे लिहू नको, मी पाहणार नाही." आठवड्याने तिनेच आणून दाखवली. सकाळचे तास संपल्यापासून गाडीपर्यंत रोज पाच तास शिल्लक होते. त्यांतले ग्रंथालयात दीडच. बाकीचे चहा, गप्पा, मोबाईल आणि 'आज कोण कोण आलंय' यात. मी तिला गप्पा बंद कर म्हटले नाही. गप्पा बंद करणारा विद्यार्थी पंधरा दिवसांनी अभ्यासही बंद करतो. ठरवले एवढेच, की साडेअकरा ते दीड ग्रंथालयातले खिडकीजवळचे टेबल, आणि त्या दोन तासांत फक्त प्रबंधिकेचे काम. परीक्षेची टिपणे एस. टी.त वाचायची, कारण ती खडखडाटात वाचता येतात. लेखन येत नाही. प्रत्येक कामाला त्याच्या जातीचा वेळ द्यावा लागतो, हे तिला तेव्हा पटले. आणखी एक केले. प्रबंधिकेचे पहिले प्रकरण सप्टेंबरच्या अखेरीस वर्गात वाचून दाखवण्याचा दिवस लावला. अपुरे असले तरी वाचायचे. चर्चासत्राचा खरा उपयोग हाच असतो. दुसऱ्यासमोर उभे राहण्याची तारीख आली की मनातले प्रकरण कागदावर उतरते.

विभागाच्या भित्तिपत्रकाचे कामही तिच्याकडेच होते. पहिले दोन अंक तिने एकटीने काढले: लेख मागायचे, सुवाच्य अक्षरात उतरवायचे, चिकटवायचे, शीर्षके रंगवायची. सगळे तिची वाहवा करीत होते. तिसऱ्या अंकाच्या वेळी तिला ताप आला आणि फलक तीन आठवडे रिकामा राहिला. मग तिने कामे वाटून दिली, तर कोणीच काही आणले नाही. माझ्याकडे येऊन म्हणाली, "सर, मुलं ऐकतच नाहीत." मी विचारले, "काय सांगितलं होतंस?" "लेख द्या म्हटलं होतं." कोणी, किती, केव्हा, कुठे, यातले काहीच नाही! पुढच्या खेपेला तिने तिघांना वेगवेगळे गाठून सांगितले: बुधवारी दुपारी ३ वाजता, ग्रंथालयासमोर, एकेक पान. सुंदर अक्षराच्या एका प्रथम वर्षातल्या मुलीला लेखनिक केले. स्वतः फक्त वाचून दुरुस्त्या करायच्या ठरवल्या, आणि तेच तिला सर्वांत जड गेले. दुसऱ्याचे अक्षर आपल्यासारखे नसते, रंग भलताच लागतो, हात शिवशिवतात. ती दोन दिवस खोलीबाहेरच उभी राहिली होती म्हणे.

बुधवारी दोनच लेख आले. तिसरी जागा तिने भरून काढली नाही. फलकावर तेवढी चौकट कोरी ठेवली आणि खाली लिहिले, "हा लेख पुढील अंकात." ज्याचा लेख आला नव्हता त्याचे नाव मात्र कुठेही लिहिले नाही. मी कारण विचारले. ती म्हणाली, "नाव लिहिलं असतं सर, तर पुढच्या वेळी बाकीच्या दोघांनीही दिला नसता." तो मुलगा रोज त्या कोऱ्या चौकटीवरून ये-जा करीत होता. आठव्या दिवशी लेख आला. लेख तसा साधारणच होता.

तिची प्रबंधिका मुदतीच्या दोन दिवस आधी बांधून आली. तिसरे प्रकरण अजून नीट जमले नाही असे ती म्हणत होती, आणि ते खरेही होते.