पाळणा हलत नसेल तर नवऱ्यानेही तपासून घ्यावं : टेन्शन आणि पुरुषांचं वंध्यत्व



१ जूनला बोटी बंद झाल्या की आपण जाळी दुरुस्त करायला बसतो. तिथे सगळे विषय निघतात. डिझेलचा दर, बँकेचा हप्ता, गावाला गेलेले खलाशी परत येणार की नाही, यंदा तारली मिळणार की नाही. एक विषय मात्र कधी निघत नाही. लग्नाला चार-पाच वर्षं झाली आणि घरात मूल नाही, हा विषय. निघालाच तर बायकांमध्ये निघतो, आणि बोट दाखवलं जातं सुनेकडे.

आपल्यातल्याच एका सभासदाने नाव न घालण्याच्या अटीवर आम्हाला त्याची गोष्ट लिहायला सांगितली. लग्नाला पाच वर्षं झाली. बायकोच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, नळ्यांचा एक्स-रे झाला, नवस झाले, अंगारे झाले. तिच्यात काही दोष निघाला नाही. ह्याला एकदाही कोणी विचारलं नाही, आणि हाही स्वतःहून बोलला नाही. बोटीचं कर्ज डोक्यावर, रात्रभर दर्यावर, किनाऱ्याला आला की दोन पेग मारल्याशिवाय झोप नाही. शेवटी बायकोच म्हणाली, "आता तुम्ही चला, नाहीतर मीही यापुढे जाणार नाही." मागच्या बंदीत तो गेला. रिपोर्टमध्ये शुक्राणू कमी निघाले.

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी मुद्दा समजून घेऊ.

टेन्शनचा आणि ह्याचा काय संबंध?

शुक्राणू अंडकोशात तयार होतात, पण त्याचा हुकूम मेंदूतून सुटतो. मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी रक्तातून हार्मोन पाठवते, आणि त्या निरोपावर अंडकोश काम करतात. माणूस सतत काळजीत असला की शरीर कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन जास्त सोडतं. वादळात सापडल्यावर जसं आपण बाकी सगळी कामं सोडून फक्त बोट सांभाळतो, तसं शरीरही करतं. मूल होण्याची तयारी हे त्याला तेव्हा तातडीचं काम वाटत नाही, म्हणून तो निरोप मंदावतो.

ह्याचं एक उदाहरण जपानचं आहे. १७ जानेवारी १९९५ ला पहाटे कोबे ह्या बंदराच्या शहरात मोठा भूकंप झाला. सहा हजारांहून जास्त माणसं गेली. तिथल्या डॉक्टरांकडे काही पुरुषांचे भूकंपाआधीचे वीर्य तपासणीचे रिपोर्ट होते. भूकंपानंतर पुन्हा तपासणी केली, तेव्हा ज्यांची घरं पडली होती त्यांच्या शुक्राणूंची हालचाल कमी झालेली दिसली. पुढच्या काही महिन्यांत ती पुन्हा सुधारतानाही दिसली.

डेन्मार्कमध्ये १,२१५ तरुणांवर केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यम ताण असलेल्यांच्या तुलनेत सर्वांत जास्त ताण असलेल्यांच्या वीर्यात शुक्राणूंचं प्रमाण सरासरी ३८ टक्के कमी होतं. अशा अभ्यासावरून टेन्शन हेच एकमेव कारण असं म्हणता येत नाही. पण संबंध आहे, हे दिसतं.

टेन्शन मागच्या दारानेही येतं. टेन्शनमुळे झोप जाते, दारू वाढते, विडी-सिगारेट आणि गुटखा वाढतो. ह्या सगळ्याचा शुक्राणूंवर वाईट परिणाम होतो. शिवाय मूल होत नाही म्हणून नवीन टेन्शन येतं. "आजचा दिवस चुकवायचा नाही" म्हटलं की त्याच दिवशी शरीर साथ देत नाही. असं झालं म्हणजे आपण संपलो असं समजू नका. हे कोणत्याही पुरुषाला होऊ शकतं.

दोन गोष्टींची गल्लत करू नका

आपल्याकडे मूल नसलेल्या बाईला वांझ म्हणतात. पुरुषाचं काही निघालं की थेट नपुंसक म्हणतात. हे चूक आहे. संबंध ठेवता न येणं वेगळं, आणि शुक्राणू कमी किंवा मंद असणं वेगळं. पूर्ण धडधाकट, दहा माणसांचं जाळं ओढणाऱ्या पुरुषाच्या रिपोर्टमध्येही शुक्राणू कमी निघू शकतात. बाहेरून बघून ते कळत नाही, ते फक्त तपासणीत कळतं.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकट्या त्याचं किंवा दोघांचं मिळून. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की जगात दर ६ माणसांपैकी साधारण १ जणाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाचा अनुभव येतो. म्हणजे आपल्या प्रत्येक वाड्यावर असं कोणीतरी आहे.

"टेन्शन घेऊ नको, होईल" हा उपाय नाही

टेन्शन हे कारण असू शकतं, पण तपासल्याशिवाय सगळं टेन्शनवर ढकलू नका. अंडकोशाच्या शिरा फुगणं (व्हेरिकोसील), जुना संसर्ग, मोठेपणी झालेला गालगुंड, लहानपणी अंडकोश खाली न उतरणं, हर्नियाचं जुनं ऑपरेशन, डायबिटीस अशी कितीतरी कारणं असतात, आणि त्यातल्या बऱ्याच कारणांवर उपचार आहेत. जोरदार ताप आला तरी पुढचे दोन-तीन महिने शुक्राणू कमी दिसू शकतात. अंडकोश शरीरापेक्षा दोन-तीन डिग्री थंड असावे लागतात. म्हणून इंजिनजवळ तासन्‌तास उष्णतेत बसणाऱ्याने हेही डॉक्टरला सांगावं.

आणि एक कळकळीची सूचना. जिममधून किंवा कुणा ओळखीच्याकडून "ताकदीचं" म्हणून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेऊ नका. बाहेरून ते हार्मोन मिळालं की मेंदू आपला निरोप बंद करतो, आणि शुक्राणू तयार होणं जवळजवळ थांबू शकतं.

तपासणी कशी?

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर दोघांनी एकत्र जावं. बायकोचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच जावं. पुरुषाची पहिली तपासणी अगदी साधी असते, वीर्य तपासणी. त्याआधी २ ते ७ दिवस वीर्य बाहेर पडलेलं नसावं. त्यामुळे दहा-बारा दिवसांची ट्रिप मारून आलात आणि त्याच दिवशी लॅबमध्ये गेलात तर रिपोर्ट बरोबर येणार नाही. नमुना लॅबमध्येच देणं चांगलं. घरून नेणार असाल तर तासाभरात पोचवा आणि बर्फाजवळ ठेवू नका.

रिपोर्टवर आकडे असतात. एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि ४२ टक्के हलणारे, ही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकातली खालची मर्यादा आहे. त्याखाली आकडा आला म्हणजे मूल होणारच नाही असं नाही. एका रिपोर्टवर निकालही लावू नका. आकडा दर वेळी बदलतो, म्हणून डॉक्टर बहुतेक वेळा दुसऱ्यांदा तपासायला सांगतात.

ट्रिपचं गणित

हे आपल्या धंद्यापुरतं आहे. बाईच्या महिन्यात दिवस राहण्याचे साधारण सहाच दिवस असतात. २८ दिवसांची पाळी असेल तर साधारण १० व्या ते १५ व्या दिवसापर्यंत. दर महिन्याला नेमके तेच दिवस तुम्ही दर्यावर असाल तर दोघेही ठणठणीत असून वर्ष निघून जाईल. बोट कधी सुटणार हे आपल्या हातात नसतं, पण तांडेल समजूतदार असेल तर एखादी ट्रिप इकडेतिकडे होऊ शकते. बंदीचे ६१ दिवस तर घरीच आहात.

बंदी ही चांगली संधी

नवीन शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, आणि बाहेर पडण्याजोगे व्हायला आणखी थोडे दिवस. म्हणजे आज दारू-तंबाखू सोडली, रात्रीची झोप धरली, तर त्याचं फळ तीन महिन्यांनी दिसतं. १ जूनला सुरुवात केली तर चवथीच्या सुमारास. पंधरा दिवसांत काही फरक नाही म्हणून सोडून देऊ नका.

कर्जाचं टेन्शन एकट्याने उरावर घेऊन बसू नका. हप्ता थकला असेल तर सोसायटीत या, बसून मार्ग काढू. मनावर फारच ओझं झालं असेल तर टेलिमानस ह्या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन करा. तो फुकट आहे, आणि मराठीत बोलता येतं. उपचारासाठी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात २०२३ पासून मोफत आयव्हीएफची सोय सुरू झाली आहे. खासगी ठिकाणी गेलात तर २०२१ च्या कायद्याप्रमाणे क्लिनिकची नोंदणी आहे का, हे आधी विचारा. लाखाची रक्कम भरायच्या आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

आता आपल्या सभासदाची गोष्ट. त्याने दारू सोडली, तंबाखू अजून पूर्ण सुटलेली नाही. कर्जाचे हप्ते सोसायटीच्या मदतीने पुन्हा बांधून घेतले. तीन महिन्यांनी दुसरा रिपोर्ट आला, आकडा वाढला होता. मूल अजून नाही. उपचार चालू आहेत. पण तो म्हणाला ते तसंच लिहितो : "पाच वर्षं ती एकटी डॉक्टरच्या बाकावर बसायची. आता मी बाजूला बसतो. आईलाही सांगून टाकलंय की रिपोर्ट माझा कमी आहे. त्या दिवसापासून घरात तिला कोणी टोमणा मारत नाही."

ह्या बंदीत जाळी नीट करा, इंजिन नीट करा. आणि घरात हा प्रश्न असेल तर बायकोला एकटीला पाठवू नका, तुम्हीही सोबत जा.