सुरक्षिततेची खरी परीक्षा : ‘थांबा’ म्हणण्याची मुभा

दरवर्षी ४ मार्चला देशभरातील कारखान्यांत राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा होतो. १९६६ साली याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली. त्यानिमित्त आठवडाभर प्रवेशद्वारावर फलक लागतात, कामगारांच्या छातीवर बिल्ले झळकतात, शपथ घेतली जाते, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात. यात गैर काहीच नाही. प्रश्न असतो तो त्यानंतरच्या दिवसांचा. फलक उतरलेले आहेत, माल न्यायला ट्रक दाराशी उभा आहे, सुपरवायझर सारखा घड्याळाकडे पाहतो आहे. अशा वेळी यंत्राचा आवाज नेहमीसारखा नाही, हे एखाद्या कामगाराच्या लक्षात आले, तर तो यंत्र थांबवतो का? आणि थांबवलेच, तर त्याच्या वाट्याला शाबासकी येते की बोलणी? कामाच्या एखाद्या ठिकाणची सुरक्षा-संस्कृती कशी आहे, याचे उत्तर या दोन प्रश्नांत असते.

‘सुरक्षा-संस्कृती’ हा शब्दप्रयोग रूढ झाला तो १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञगटाने त्या दुर्घटनेचा अभ्यास करताना तो वापरला. यंत्रणेतील दोष आणि नियमांचा भंग यांच्याही मुळाशी माणसांच्या विचाराची आणि वागण्याची एक रीत असते, हे त्यातून अधोरेखित झाले. ही रीत पुस्तकात लिहिलेली नसते. नवा कामगार पहिल्या आठवड्यात जुन्या कामगाराकडे पाहून ती उचलतो. ‘इथे असेच चालते’ हे वाक्य तो ज्या दिवशी ऐकतो, त्या दिवशी त्याचे खरे प्रशिक्षण झालेले असते. मग ते चांगले असो वा वाईट.

एका पाळीकडून दुसरीकडे

६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रातील ‘पायपर अल्फा’ या तेल व वायू उत्पादन करणाऱ्या फलाटावर स्फोट झाला आणि १६७ जणांचा मृत्यू झाला. तेथे दोन पंप होते. त्यांपैकी एकाची सुरक्षा-झडप त्या दिवशी दुरुस्तीसाठी काढण्यात आली होती. काम संध्याकाळपर्यंत पुरे झाले नाही, म्हणून नळाच्या उघड्या तोंडावर तात्पुरती चकती बसवून ते दुसऱ्या दिवसावर ढकलण्यात आले. कामाचा परवाना रीतसर लिहिलेला होता. परंतु झडप जागेवर नाही, ही गोष्ट रात्रपाळीच्या माणसांपर्यंत पोहोचली नाही. रात्री चालू असलेला पंप बंद पडला, तो पुन्हा सुरू होईना, तेव्हा त्यांनी दुसरा पंप सुरू केला. चकतीपाशी वायूची गळती झाली आणि पुढचा अनर्थ घडला.

लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १९९० मध्ये या घटनेचे बारकाईने विश्लेषण केले. परवान्याची पद्धत तेथे होती, पण ती पाळण्यात सैलपणा आला होता. पाळी बदलताना प्रत्येक अपूर्ण कामाबद्दल समोरासमोर बोलण्याची सवय उरली नव्हती. आग विझवण्यासाठी पाणी खेचणारे पंपही त्या रात्री आपोआप सुरू झाले नाहीत. पाण्याखाली पाणबुडे काम करीत असताना ते खेचले जाऊ नयेत, म्हणून पंप हाताने सुरू करण्याच्या स्थितीत ठेवण्याचा प्रघात तेथे पडला होता. एका धोक्यापासून वाचण्यासाठी लावलेली सवय दुसऱ्या धोक्याच्या वेळी आड आली. म्हणूनच सवय लावणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती अधूनमधून तपासून पाहणेही.

‘रोजचेच आहे’ म्हणताना

आपल्याला याहून जवळची आठवण आहे ती भोपाळची. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री मिथाइल आयसोसायनेट वायूने शहराला गाठले. त्या टाकीतील रसायन थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. बाहेर पडणारा वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीअभावी निरुपयोगी होता. कामगारांची संख्या आणि प्रशिक्षण यांत काटछाट झालेली होती. त्या रात्री साडेअकराच्या सुमारास कामगारांचे डोळे चुरचुरू लागले, गळतीची शंका आली. पण चहापानानंतर पाहू, असे ठरले, हे नंतर उजेडात आले. किरकोळ गळती तेथे नवी नव्हती. डोळ्यांत पाणी येणे ही धोक्याची सूचना न राहता कामाचा एक भाग होऊन बसली होती.

यातील कोणतीही एक गोष्ट एका दिवसात घडलेली नव्हती. आज एक यंत्रणा बंद, काही झाले नाही. उद्या दुसरी बंद, तरीही काही झाले नाही. ‘काही झाले नाही’ हाच मग सुरक्षित असल्याचा पुरावा वाटू लागतो. आपल्याकडील लहान कारखान्यांतही हेच दिसते. पॉवर प्रेसवर दोन बटणे एकाच वेळी दोन्ही हातांनी दाबावी लागतात. हात साच्याबाहेर राहावेत, एवढाच त्यामागील हेतू. नगामागे मजुरी आणि डोक्यावर ऑर्डरची तारीख असली, की एक बटण पट्टीने दाबून बांधून ठेवले जाते. काम वेगाने होते. शंभर दिवस काही घडत नाही. एखाद्या दिवशी बोटे जातात आणि अहवालात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ अशी नोंद होते. ते बटण शंभर दिवस बांधलेले होते आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले होते, याची नोंद मात्र कोठेच होत नाही.

छोट्या सवयी, मोठे काम

मग सवयी लावायच्या त्या कोणत्या? जपानी रेल्वेचे उदाहरण बोलके आहे. तेथील चालक सिग्नलकडे बोट दाखवतो आणि त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतो. पाहणाऱ्याला हा प्रकार काहीसा गमतीचा वाटतो. पण डोळे, हात, तोंड आणि कान एकाच गोष्टीवर आणले की मन भरकटत नाही, हे त्यामागचे तत्त्व. तेथील रेल्वे तंत्रज्ञान संशोधन संस्थेने १९९४ मध्ये केलेल्या प्रयोगात साध्या कामातील चुका शंभर कृतींमागे २.३८ वरून ०.३८ पर्यंत खाली आल्या. भारतीय रेल्वेतही चालक आणि सहचालक सिग्नलची स्थिती एकमेकांना मोठ्याने सांगतात. यासाठी कोणतेही महागडे उपकरण लागत नाही.

अशाच आणखी काही साध्या सवयी आहेत. पाळी सुरू होताना पाच मिनिटे उभ्याउभ्याच, आज कोणते काम आहे आणि त्यात काय बिघडू शकते, एवढेच बोलायचे. त्यात सुपरवायझरने भाषण न देता कामगारांना विचारायचे. यंत्रात हात घालण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचे आणि किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्याच खिशात ठेवायची. पाळीचा ताबा देताना अपूर्ण कामे वहीत लिहायची आणि तोंडानेही सांगायची. आणि सर्वांत महत्त्वाची सवय म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताची नोंद. वरून पाना पडला, पण खाली कोणी नव्हते. ही घटना बहुतेक ठिकाणी हसण्यावारी जाते. वास्तविक ती फुकट मिळालेली सूचना असते.

परंतु ही नोंद कोण करील? ज्याला शिक्षेची भीती नाही, तोच. ‘अपघाताविना इतके दिवस’ असा फलक अनेक कारखान्यांच्या दारावर असतो. त्यामागील भावना चांगली असली, तरी आकड्याला बक्षीस जोडले की दुखापती थांबण्याआधी त्यांची नोंद थांबते. कापलेल्या बोटाला गुपचूप पट्टी बांधली जाते. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या विहीर खोदणाऱ्या नौकेवर स्फोट होऊन ११ जण दगावले. त्याच दिवशी वरिष्ठ अधिकारी नौकेवर आले होते आणि रजा घ्यावी लागेल अशी एकही दुखापत न होता सात वर्षे गेल्याबद्दल तेथील लोकांचे कौतुक करणे हाही त्या भेटीचा एक भाग होता. पाय घसरू नये म्हणून घेतलेली काळजी खरी होती. पण विहिरीतील दाब काय सांगत आहे, हे त्या आकड्यात कोठेच दिसत नव्हते.

वरून खाली येणारा संदेश

सवयी कामगारांच्या असल्या, तरी त्यांची मुळे वरच्या खुर्चीत असतात. अमेरिकेतील ‘अल्कोआ’ या ॲल्युमिनियम कंपनीची सूत्रे १९८७ मध्ये पॉल ओनील यांच्याकडे आली. गुंतवणूकदारांसमोरील पहिल्याच भाषणात ते नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षिततेविषयी बोलले, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. कोणालाही दुखापत झाली की चोवीस तासांत आपल्याला कळवायचे आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, हेही सांगायचे, असा दंडक त्यांनी घातला. त्यामुळे विभागप्रमुखाला खालच्या माणसाचे ऐकावेच लागे. कामाचा दिवस बुडवणाऱ्या दुखापतींचे शंभर कामगारांमागील वार्षिक प्रमाण १९८७ मध्ये १.८६ होते, २००० पर्यंत ते ०.२ वर आले. त्याच काळात कंपनीचा नफाही वाढला.

आपल्याकडील कायद्यानेही ही दिशा दाखविली आहे. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगारांचा समान सहभाग असलेली सुरक्षा समिती आणि संभाव्य धोका व्यवस्थापनाच्या नजरेस आणून देण्याचा कामगाराचा हक्क, या गोष्टी तेव्हा कायद्यात आल्या. त्या कायद्याची जागा घेणारी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार सुरक्षा अधिकारी नेमण्याचे बंधन सर्वसाधारण कारखान्याला ५०० आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्याला २५० कामगारांपासून आहे. औद्योगिक वसाहतींतील असंख्य गाळ्यांत वीस-पंचवीस माणसेच काम करतात, त्यांतील अनेक ठेकेदाराची असतात. तेथे सुरक्षा अधिकारी येणार नाही. मालकाची आणि मुकादमाची सवय, हीच तेथील सुरक्षा-व्यवस्था. मालक स्वतः गॉगल न लावता ग्राइंडरजवळ उभा राहिला, तर भिंतीवरील दहा फलक व्यर्थ होत.

आणि हा प्रश्न कारखान्याच्या कुंपणाआतच संपत नाही. आपल्या सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये कोणी उतरते, दहाव्या मजल्याच्या बाहेरील भिंतीला कोणी दोरावर लटकून रंग देते, तेव्हा आपली इमारत हेच त्याचे कामाचे ठिकाण असते. संरक्षक साधनांविना गटारात वा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकीतील विषारी वायूने पहिला माणूस कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही परत येत नाही, अशा बातम्या तरीही वाचाव्या लागतात. ‘अहो, कंबरेचा पट्टा कुठे आहे? आधी तो बांधा, काम उद्या झाले तरी चालेल,’ एवढे वाक्य सोसायटीचा सचिव सहज बोलू शकतो.

शेवटचे चार शब्द त्यात फार मोलाचे आहेत. घाई नाही, हे काम करवून घेणाऱ्याने स्वतःहून सांगितले, तरच काम करणारा थांबण्याचे धाडस करतो. येत्या ४ मार्चला शपथ घेताना व्यवस्थापनाने एक जुनी वही उघडून पाहावी. वर्षभरात किती जणांनी ‘थांबा’ म्हटले आणि त्यांना काय उत्तर मिळाले? वही कोरी असेल, तर धोके नव्हते असे समजू नये. सांगावेसे वाटले, असे कोणी उरलेले नाही, इतकाच त्याचा अर्थ असू शकतो.